फाटकावरच्या मावशींची झडती

मावशींचा विश्वास फक्त स्वतःच्या दोन हातांवर होता. बाकी सगळं जग त्यांच्या लेखी चोर. काही पकडलेले, काही पकडायचे राहिलेले, एवढाच काय तो फरक.

आता यात त्यांचा दोष तरी किती? उभं आयुष्य मोज्यांच्या कारखान्याच्या फाटकावर गेलं. फाटकाला लागून एक पत्र्याची खोली होती. सुटीचा भोंगा वाजला की कामगार बायका एकेक करून तिथे आत यायच्या, हात वर करायच्या, आणि मावशी त्यांना काखेपासून घोट्यापर्यंत चाचपून "चल, पुढे" म्हणायच्या. मोजे ही वस्तूच अशी आहे की बघता बघता नाहीशी होते. बाहीत जाते, अंबाड्यात जाते, डब्याच्या झाकणात जाते. पण मावशींच्या हातून सुटणं कठीण. नव्या झडतीवाल्या मुलींना त्या शिकवायच्या, "अगं, खिसे काय तपासतेस? खिशात वेडेच ठेवतात. जिथे हात घालायची तुला लाज वाटते ना, माल तिथेच असतो." आणि खरंच, एकदा एका बाईची नुसती चाल बघून त्यांनी ओळखलं होतं. मांडीच्या आतल्या बाजूला रबर लावून तिने मोज्यांची अख्खी चळत बांधली होती. त्या दिवसापासून मावशींचा असा काही दरारा बसला, की निर्दोष बायकासुद्धा त्यांच्यासमोरून जाताना उगाचच घाम पुसायच्या.

कधीकधी चूकही व्हायची. एखादी भलतीच बाई सगळ्यांदेखत अडवली जायची, रडायची, डोळे पुसत निघून जायची. मावशींनी कधी कुणाची माफी मागितली नाही. "चल, पुढे" एवढंच. माफी मागणाऱ्या झडतीवालीला दुसऱ्या दिवशी कोण घाबरणार, असा त्यांचा रोकडा हिशोब.

कारखान्याने निरोप दिला, नवरा आधीच गेलेला, तेव्हा मावशी मुलाकडे राहायला आल्या. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुलगा इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. स्वभावाने गरीब, कुणी जोरात बोललं की त्याला तेच खरं वाटायचं. सून मात्र वेगळ्या मातीची. औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहायची, दिवसभर खोकणाऱ्या-कण्हणाऱ्यांशी गाठ, त्यामुळे कुणाचं दुखणं खरं आणि कुणाचं उगीच, हे आपल्याला बघताक्षणी कळतं असं तिला वाटे. म्हणजे बघा, एका छपराखाली दोन झडतीवाल्या! मुलाचं काय होत असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तरी बरीच वर्षं बरं चाललं होतं. कुरबुरी होत्या, पण त्या कुठल्या घरात नसतात?

मग मावशींच्या पोटात दुखायला लागलं.

ते दुखणंही मोठं लबाड. यायचं, पिळवटून काढायचं, उलटी व्हायची, आणि मग जसं आलं तसं पसार व्हायचं. दुसऱ्या दिवशी मावशी ठणठणीत. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. सोनोग्राफी झाली, त्यातही काही निघालं नाही. "वयानुसार होतं. पोटात वारा धरतो. हलकं खा," डॉक्टर म्हणाले.

एवढ्यावर गप्प बसतील त्या मावशी कसल्या. दोष नाही आणि दुखतं, म्हणजे माल आहे आणि सापडत नाही. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. दुखतं केव्हा? जेवल्यावर. जेवण करतं कोण? सून. आणि सून काम कुठे करते? अरे देवा, औषधांच्या दुकानात!

एकदा संशय शिरल्यावर मग काय, सगळंच जुळायला लागलं. सून ताट वाढताना त्यांच्याकडे बघत नव्हती, म्हणजे नजर चुकवत होती. एखाद्या दिवशी बघून हसली, तर आज एवढी गोड का? मावशींनी तिच्या पर्समध्ये हात घातला. त्यात गोळ्यांची एक पट्टी मिळाली. ती डोकेदुखीची निघाली, तरी मावशींनी ती गादीखाली पुरावा म्हणून ठेवली. मग त्यांनी घरात नवा नियम काढला: वाटीतला पहिला घास सुनेने खायचा, मग मावशी खाणार.

"हे काय नवीन, आई?" सुनेने विचारलं.

"मीठ जास्त झालंय का बघ. माझ्या जिभेला हल्ली कळत नाही."

सून काही दुधखुळी नव्हती. तिला कळलं. प्रत्येक जेवणाला मावशींच्या डोळ्यांत डोळे घालून पहिला चमचा तोंडात टाकायची, गिळायची आणि चमचा ताटावर आपटायची.

तरी दुखणं थांबेना. मग मावशींनी तिच्या हातचं खाणंच सोडलं. ज्यात कुणाला काही मिसळता येणार नाही तेवढंच खायचं: कवचासकट उकडलेलं अंडं, सालासकट केळं. पाणी नळाखाली स्वतः धरून. अंगावरचं मांस झरझर उतरायला लागलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, गालफडं बसली, आरशातली बाई ओळखू येईना. आणि दुखणं? ते उलट वाढलं. पण मावशी हटायला तयार नाहीत. अंड्यात काही नसेल तर मिठात असेल. मिठात नसेल तर भांड्याला काही चोळत असेल.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. पोटात कळ यायची तेव्हा उजव्या मांडीच्या आतल्या बाजूने, पार गुडघ्यापर्यंत, एक तिडीक जायची. पाय लांब केला की जीव जायचा, गुडघा दुमडून पोटाशी घेतला की जरा बरं वाटायचं. पण ती जागा! डॉक्टर पुरुषमाणूस. त्याच्यासमोर तिथे हात ठेवून "इथे दुखतं" म्हणायचं? छे! आणि वर तो म्हणायचा, गुडघे झिजलेत, बदला. पोट वेगळं, पाय वेगळा. पायाचं म्हातारपण, पोटाचं विष. मावशींनी अशी वाटणी करून टाकली होती.

इकडे सुनेनेही स्वतःचा तपास चालवला होता. तिला दिसत होतं की सासूबाई "पोट, पोट" म्हणून ओरडतात, पण हात मांडीवर असतो. जिन्यात माणूस दिसलं की नीट चालतात, कुणी नसलं की पाय ओढतात. तिने मनाशी पक्कं केलं: नाटक. आपल्याला घराबाहेर काढायचं नाटक.

मावशींनी शेवटी मनातल्या संशयाला वाचा फोडली. आधी खिडकीत उभं राहून समोरच्या शिंपीणबाईंना सांगितलं. दोन इमारतींमध्ये बोळ एवढा अरुंद की हात लांबवला तर साखर देता येईल. शिंपीणबाईंना सांगितलं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगितलं. मग मुलाला सांगितलं. मग मुलाला बरोबर घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना, आवाज खाली आणून: "माझी सून माझ्या जेवणात काहीतरी घालते."

डॉक्टर बिचारे खुर्चीत सावरून बसले. असलं ऐकल्यावर तेही काय करणार? विषाच्या तपासणीसाठी रक्त पाठवलं. यकृताला काही इजा आहे का बघायला पोटाच्या वरच्या भागाचा सीटी स्कॅन सांगितला. मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, "रिपोर्ट येईपर्यंत आईंचं जेवण तुम्हीच करा."

मुलाने घरी येऊन बायकोच्या हातातून पातेलं काढून घेतलं.

सून जागच्या जागी उभी राहिली. मग ती आत गेली, पलंगाखालची बॅग ओढली आणि कपडे भरायला लागली. मुलगा मागे मागे, "अगं ऐक तरी, डॉक्टर म्हणाले म्हणून..."

"आज नाही जात," ती म्हणाली. "आज गेले तर पळाली म्हणतील. तुमच्या आईंचे सगळे रिपोर्ट येऊ देत. स्कॅनलाही मी येणार, माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे. सगळं स्वच्छ निघालं की त्याच दिवशी मी माझ्या भावाकडे जाते. मग तुम्ही आणि तुमची आई, उकडा अंडी."

भरलेली बॅग तिने दाराशी उभी करून ठेवली. येता-जाता सगळ्यांना तिला वळसा घालावा लागत होता.

विषाचा रिपोर्ट आला, त्यात काही नव्हतं. मावशींना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचं तोंड उतरलं. "सगळी विषं थोडीच सापडतात," त्या पुटपुटल्या. सून नुसती हसली. ते हसू काही बरं नव्हतं.

स्कॅनच्या दिवशी मावशींना पुन्हा जोराची कळ आली होती. सकाळपासून उलट्या, पोट तट्ट फुगलेलं. रिक्षात त्या गुडघा छातीशी घेऊन बसल्या. तपासणी केंद्रात थंडगार खोली, मधोमध मोठं गोल कडं असलेलं यंत्र, त्यातून आत-बाहेर सरकणारा अरुंद पलंग. तिथल्या स्कॅनच्या डॉक्टरीणबाई चष्मा कपाळावर चढवून कागद वाचत होत्या. बडबड कमी, प्रश्न फार. मावशींना त्या पहिल्या नजरेत आवडल्या नाहीत.

"आजी, दुखतं कुठे?"

"पोटात."

"आणखी कुठे?"

"पोटातच. सांगितलं ना."

"वजन किती उतरलं?"

"उतरलं थोडं." मावशींनी ताकास तूर लागू दिली नाही.

मदतनीस बाईने त्यांना पलंगावर निजवलं आणि पाय सरळ करायला सांगितले. डावा झाला. उजवा होईना. मावशी दात-ओठ खात होत्या, पण गुडघा काही खाली येत नव्हता. "म्हाताऱ्या माणसाचे सांधे," त्या म्हणाल्या. "राहू दे तसाच."

काचेच्या पलीकडे, दाराशी, सून नवऱ्यावर धुमसत होती. स्वच्छ रिपोर्टचा क्षण जवळ आला होता आणि तिचा तोल सुटला होता. "बघा, बघा तुमच्या आईंचं सोंग! दुखतंय पोटात आणि पाय कसा धरलाय बघा. घरीही हेच. ओरडायचं पोट म्हणून आणि हात मांडीवर, आतल्या बाजूला. विसरतात बिचाऱ्या, कुठे दुखतंय म्हणून सांगितलं होतं ते. गुडघा पोटाशी घेतला की बरं वाटतं, सरळ केला की ओरड. असलं पोट मी दुकानात कधी पाहिलं नाही!"

काचेबाहेर संगणकासमोर बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी मान वळवली. "काय म्हणालात? पुन्हा सांगा."

सून चपापली. चहाडी करताना पकडलं गेल्यासारखं झालं. पण आता माघार कशाला, म्हणून तिने सगळं सांगितलं: मांडीची आतली बाजू, उजवीच, गुडघ्यापर्यंत, दर वेळी पोटदुखीबरोबर. "मी मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलंय," ती म्हणाली. "सोंग आहे ते."

"सोंग नसावं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चष्मा नाकावर आला. त्या आत गेल्या आणि थेट मावशींच्या मांडीला, आतल्या बाजूला, वर, बोटं लावली. मावशी किंचाळल्या. दुखलं म्हणून तर खरंच, पण त्याहून जास्त लाजेने. आयुष्यभर इतरांच्या अंगावर फिरलेले त्यांचे हात त्या बाईंचा हात ढकलत होते.

"आजी, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

मावशींनी तोंड भिंतीकडे वळवलं.

डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन लावला. वरच्या पोटापुरता सांगितलेला स्कॅन त्यांनी खाली, मांड्यांच्या वरच्या भागापर्यंत नेला. पाय दुमडलेलाच राहू दिला, खाली उशी दिली. पलंग कड्यात सरकला, घरघर झाली, बाहेर आला. मग त्या पडद्यासमोर बसल्या आणि चित्रं एकेक करून खाली सरकवत गेल्या. वरचं पोट नीट होतं. यकृत नीट. खाली आतडी फुगलेली. आणखी खाली, कमरेच्या हाडाच्याही खाली, उजव्या मांडीच्या मुळाशी, दोन स्नायूंच्या मध्ये एक छोटा गोल दिसत होता. डाव्या बाजूला तसं काही नव्हतं.

"या इकडे," त्यांनी मुलाला आणि सुनेला बोलावलं. "हा गोल म्हणजे आतडं आहे. आतड्याचं काय काम मांडीत? कमरेच्या हाडाला खाली दोन्हीकडे भोक असतं, पडद्याने झाकलेलं. कोपऱ्यात बारीकशी वाट असते, त्यातून मांडीची नस बाहेर जाते. उरलेली जागा चरबीने भरलेली. म्हातारपणी, त्यातून बाईची, ती चरबी आधीच झिजते, फार वाळली की उरलीसुरलीही जाते, आणि आतडं त्या वाटेने खाली घसरतं. हर्नियाच, पण क्वचित दिसणारा. बाहेरून फुगा दिसत नाही, हाताला लागत नाही. नस चेपते म्हणून मांडी दुखते. आतडं आपोआप परत वर गेलं की सगळं थांबतं, आणि तेव्हा तपासलं तर काहीच सापडत नाही. या वेळी ते परत गेलेलं नाही. अडकलंय. ऑपरेशन आजच्या आज. थांबलात तर तो तुकडा मरेल, आणि मग आजींचा भरवसा नाही."

मुलाचे डोळे पांढरे झाले. सून पडद्याकडे बघत राहिली. जे सोंग म्हणून तिने नीट ध्यानात ठेवलं होतं, ते सगळं खरं होतं.

"एवढ्या वाळल्या कशाने?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

पलंगावरून मावशींनी सगळं ऐकलं होतं.

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. आतडं काळवंडलं होतं, पण सोडवल्यावर पुन्हा गुलाबी झालं, कापावं लागलं नाही. उद्यावर टाकलं असतं तर जमलं नसतं, असं सर्जन म्हणाले तेव्हा मुलाचा जीव भांड्यात पडला आणि तो बाकावर बसून हमसाहमशी रडला. सून त्याच्या शेजारी बसली नाही. पण दवाखान्यातले सगळे दिवस तिनेच केलं. पेजेचा पहिला चमचा सवयीने स्वतःच्या तोंडात टाकायची, मग मावशींना भरवायची. प्रत्येक वेळी तो पहिला चमचा बघून मावशी डोळे मिटून घ्यायच्या. त्यांना फार लाज वाटत होती. पण बोलायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

घरी आल्या तर बॅग दाराशी तशीच उभी.

मावशींना पलंगावर बसवून, पाठीशी उशी देऊन सून म्हणाली, "येते मी, आई. विष कुठेच निघालं नाही. म्हटल्याप्रमाणे." मग तिला राहवेना. तिने बॅग उचलून मावशींच्या पुढ्यात धाडकन ठेवली. "घ्या. जाताना झडती घ्या. तुमच्या घरातलं काही नेत नाही ना, बघून घ्या एकदा!"

"अगं, आई आत्ताच दवाखान्यातून..." मुलगा पुढे झाला.

"तू थांब," मावशी म्हणाल्या. त्यांनी बॅगेची चेन ओढली.

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढं सगळं होऊनही ही बाई खरंच झडती घेतेय!

मावशींनी निळा स्वेटर बाहेर काढला, दोन्ही बाजूंनी पाहिला. "हा इथला आहे," त्या म्हणाल्या आणि पलंगावर ठेवला. टॉवेल काढला. "हाही इथलाच." कंगवा. "हा बाहेर जाणार नाही." एकेक कपडा निघत होता, घडी मोडत होती, त्या पुन्हा घडी घालत होत्या, श्वास लागत होता. "हे आमच्या घरातलं. हेसुद्धा." बॅग रिकामी झाली. मावशींनी आतून हात फिरवला, अस्तराखालीसुद्धा, आणि मग तो हात बाहेर काढून सुनेचं मनगट धरलं.

"आणि हीसुद्धा," त्या म्हणाल्या. "चुकले गं मी. माझ्याच अंगावर लपवलं होतं आणि तुझी झडती घेत बसले."

सून हलली नाही. "मला सांगून काय उपयोग?" "मला माहीतच होतं. गल्लीला कोण सांगणार? औषधाला येणाऱ्या बायका माझ्या हातातली पुडी दोनदा तपासतात, आई. दोनदा."

मावशींच्या हातातलं मनगट सुटलं नाही. मग त्या मुलाकडे वळल्या.

"खिडकी उघड."

"आई, वारं लागेल, टाके..."

"उघड म्हणते ना!"

त्याने खिडकी उघडली. समोर शिंपीणबाई मशीनवर वाकल्या होत्या. मावशी पोटावर हात दाबून उभ्या राहिल्या, सुनेला हाताला धरून तसंच बरोबर घेऊन पाय ओढत खिडकीपर्यंत गेल्या, आणि फाटकावर भोंग्यालाही हार न जाणारा तो जुना आवाज त्यांनी लावला.

"अहो शिंपीणबाई! मशीन थांबवा जरा. मागे मी तुम्हाला जे सांगितलं ना, ते खोटं होतं. माझ्या सुनेने काही घातलं नव्हतं. तिच्यामुळे मी जिवंत आहे. ऐकू आलं का? आलं असेल तर आता खाली सगळ्यांना सांगा, तेव्हा सांगितलंत तसं!"

मशीन थांबलं. वरच्या-खालच्या दोन-चार खिडक्या उघडल्या.

सून रडत होती. रडता रडताच तिने मावशींच्या काखेखाली हात घातला, त्यांचं सगळं वजन स्वतःवर घेतलं आणि म्हणाली, "पुरे आता, चला आत. टाके उसवतील."